आईच्या उरलेल्या गोळ्या

आईचं तेरावं झालं आणि मावशी म्हणाली, "गेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये." पिशवीभर होतं. अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या, काय काय. बंगळुरात आम्ही कचऱ्याच्या बाबतीत फार सोवळे. रिकामी पाकिटं सुक्या कचऱ्यात. गोळ्या ओल्यात टाकाव्यात, तर त्याचं खत होतं. म्हणून एकेक गोळी सोडवून कमोडमध्ये टाकली, पाणी सोडलं. बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

आमच्या इमारतीचं सांडपाणी आवारातच शुद्ध होतं. टाकीतले जंतू घाण खातात आणि तेच पाणी फ्लशला, झाडांना जातं. त्याच आठवड्यात टाकी घाणायला लागली. जंतू मेले, असं कळलं. बैठकीत सगळ्यांची बोटं तळमजल्यावरच्या अक्कांकडे. बेळगावकडच्या, एकट्या, फिनाइलचा हात सैल.

"अक्का, फिनाइल स्वल्प कमी करा," सेक्रेटरी म्हणाले.

"मी काय पोहते का रे त्यात?"

सगळे हसले. मीही.

अक्का मग संध्याकाळी बाकावर येईनाशा झाल्या. आवारातलं त्यांचं अळू पूर्वी सगळे मागून न्यायचे, ते तसंच वाळत राहिलं. मी रोज त्यावरून जायचो. त्या अळवालाही आईची औषधं पाजली होती मी. ती टाकी मैला खायला बांधलेली. औषधाचं ती काय करणार?

शेवटी त्यांचं दार वाजवलं. "अक्का, ते बहुतेक माझ्यामुळे झालं." सगळं सांगितलं.

"बहुतेक म्हणजे? टाकल्यास की नाही?"

"टाकल्या. जंतू त्यांनीच मेले का, ते कुणालाच सांगता येणार नाही."

"मग हसलास कशाला?"

त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. यजमानांच्या गोळ्या, ते गेल्यापासून तशाच.

"सरी, असू दे. तू शिकलेला. हे कुठं टाकू, सांग."

औषधाच्या दुकानात विचारलं. घेत नाही म्हणाले, कचऱ्यातच टाका.

पुढच्या बैठकीत मी तो डबा टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो. फिनाइलचं नाव उगाच घेतलं, म्हणालो. गोळ्या मी टाकल्या होत्या. अक्का मागच्या खुर्चीत होत्या. कुणी हसलं नाही. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आमच्याकडेपण आहेत हो, सासऱ्यांच्या."

डबा अजून माझ्याकडेच आहे. आता भरत आलाय.