उजव्या डोळ्यावरची बॅटरी

सगळ्यात आधी आभार ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमचे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या नसत्या तर एक माणूस आमच्या कोठडीत मेला असता, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेला, लातूरकडून पोटासाठी इतक्या लांब रायगडात आलेला मी हवालदार वर्दीसकट बुडालो असतो.

त्या संध्याकाळी खबर होती, रेवदंड्याहून माणगावला जाणाऱ्या सुक्या मासळीच्या टेम्पोत चरस आहे. आम्ही नाकाबंदी लावली. टेम्पो अडवला. नाक्यावरची आमची सवय अशी, की चालकाच्या खिडकीतून बॅटरी मारायची. ती पडते त्याच्या उजव्या डोळ्यावर. या चालकाची बाहुली मोठी, उजेडातही हलेना. पापणी अर्धी मिटलेली. शर्टावर ओकारी. म्हटलं झालं, गडी नशेत आहे.

झडतीत बोंबलांशिवाय काही सापडलं नाही. तरी ठाण्यात आणून चौकशी सुरू केली.

"माल कुठं उतरवलास?"

"साहेब, अल्लाची शपथ, बिडीसुद्धा ओढत न्हाय. दुपारपासून डोकं फुटतंय. पापणी वरच व्हत न्हाय."

"नाटक कंपनी काढ तू," आमचा शिपाई म्हणाला.

कोठडीत टाकण्याआधी वैद्यकीय तपासणी लागते, म्हणून रुग्णालयात नेला. मॅडमनी दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने उजेड टाकला. डावी बाहुली लगेच बारीक झाली. उजवी तशीच.

"हवालदार, डोळे दोन असतात. तुम्ही एकच पाहिलात?"

मी हातातली बॅटरी खिशात सरकवली.

"नशेनं सहसा दोन्ही बाहुल्या बदलतात. इथं एकच मोठी, पापणी पडलेली, वर अचानक डोकं उठलंय. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून डोळ्याची नस दाबत असेल. ती फुटली तर संपलं. आधी बेड्या काढा, मग रुग्णवाहिका बोलवा."

रुग्णवाहिकेनं मुंबईला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तेच निदान करून शस्त्रक्रिया केली. खबर मासळीच्या धंद्यातल्या कुणीतरी खुन्नस म्हणून दिलेली निघाली. शस्त्रक्रिया होईपर्यंत मी ठाण्यातल्या फोनजवळून हललो नव्हतो. शेवटी त्याच्या बायकोचा फोन आला, "शुद्धीवर आलंत. पयलं इचारलं, माझं बोंबील कुठं हायत?" मी इतका हसलो की शिपाई घाबरला.

माणसाची नजर बघून खोटं ओळखतो, असं मला वाटायचं. आजारही तिथंच दिसतो, हे तेव्हा कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत नाक्यावरच्या प्रत्येक नव्या शिपायाला मी दोन्ही डोळे बघायला लावले.

मॅडमनी त्या दिवशी आमचा चहासुद्धा घेतला नाही. मॅडम, आमच्या रानातली तूर निघाली की घरची डाळ घेऊन स्वतः येईन. तेवढ्यानं फिटणार नाही, ठाऊक आहे. पण कधीतरी फेडीनच.