धडधड्याची लय

आमच्या बँडमध्ये ‘वन टू थ्री फोर’ म्हणायची पद्धत नव्हती. गाणं सुरू करायच्या आधी ढोलकीवाला काशा आमच्या माईकवाल्या धडधड्याजवळ जायचा, त्याच्या छातीवर पंजा ठेवायचा, डोळे मिटून जरा वेळ थांबायचा आणि हाताला लागलेली लय ढोलकीवर धरायचा. धडधड्या जेवढा घाबरलेला, तेवढं गाणं जलद. आणि तो घाबरलेला नाही असं कधी झालंच नाही, त्यामुळे आमची सगळी गाणी धावतच सुटायची. लोकांना वाटायचं, ही यांची स्टाईल आहे. स्टाईल कसली डोंबलाची, त्या माणसाची पाचावर धारण बसलेली असायची.

तो कशाकशाला घाबरायचा ते सांगत बसले तर दिवस मावळेल. कुत्र्याला, लिफ्टला, पोलिसाला, पोरांच्या हातातल्या फुग्याला सुद्धा. कुठेही गेला की आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवायचा आणि दारापाशीच बसायचा. हातात चहा दिला तर कपबशी वाजायची. मध्येच समोरच्याचा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवायचा आणि विचारायचा, “बघ गं डोंबिवली, चालू हाय ना नीट?” मी डोंबिवलीची, म्हणून माझं नाव डोंबिवली. “नीट आहे रे. बंद पडली की कळवते,” असं मी म्हणायचे. तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं.

मूळचा तो ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडिलांची छोटी होडी होती आणि काकांची बेंजो पार्टी होती, हळदीला वाजवणारी. ह्याला ना गाता यायचं ना वाजवता, म्हणून काकांनी त्याला नावं पुकारायला ठेवला. हळदीत गाणं रंगात आलं की मध्ये एक जागा सुटते. बेंजो थांबतो, नुसती ढोलकी चालू राहते आणि त्या जागेत पुकारणाऱ्याने माईकवरून नावं घ्यायची असतात. आधी यजमानाचं, मग मामांचं, मग आलेल्या मानकऱ्यांचं. एखादं नाव राहिलं तर माणसं रुसतात, जेवायला बसत नाहीत. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच केल्यामुळे धडधड्याची जीभच तशी वळलेली होती. “ह्याच्या उशाशी ढोलकी वाजवून थांबा, झोपेत यजमानाचं नाव घेल,” असं काशा म्हणायचा. काशा त्याचा मावसभाऊ, त्यामुळे चेष्टेचा पहिला हक्क त्याचा.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते कॉलेजातल्या मैत्रिणीच्या हळदीत. पार्टीचा कीबोर्डवाला आलाच नव्हता आणि मैत्रिणीने ‘ही वाजवते’ म्हणून मला पुढे ढकललं. मी आयुष्यभर पेटीवर भजनं वाजवलेली. कशीबशी साथ करत होते, तेवढ्यात जागा सुटली आणि माईकवरून आवाज आला, “डोंबिवलीवरनं खास आलेल्या, भीत भीत वाजवनाऱ्या ताईंचं स्वागत हाय.” मी रागाने वळून बघितलं, तर बोलणारा माझ्यापेक्षा जास्त कापत होता. मग राग कसला येतोय. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याबरोबरच वाजवायला लागले. बाबा म्हणाले, “हळदीला वाजवणार? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “म्हणतील कसले, नाचतील.”

नव्वदच्या पुढेमागे काशाच्या मेव्हण्याने दुबईहून एक कॅसेट आणली. तालावर कोणीतरी इंग्रजीत भराभरा बोलत होतं. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. धडधड्याने मात्र कान देऊन ऐकलं आणि विचारलं, “हा पुकारतोय कोनाला?” मेव्हण्याने सांगितलं की हे नावं नाही घेत, आपल्या वस्तीतलं सांगतात, पोलीस मारतात, नोकरी मिळत नाही, असलं. ह्याला रॅप म्हणतात. धडधड्याने कॅसेट मागे फिरवून पुन्हा ऐकली. मग म्हणाला, “म्हंजे भ्या सांगतात. मग मना जमंल.”

आणि जमलं की. त्याच बेंजोवर, त्याच ढोलकीवर, माझ्या कीबोर्डवर आणि भाड्याच्या ऑक्टोपॅडवर त्याने बोलायला सुरुवात केली. ज्याची भीती वाटेल ते तालात बांधायचं, एवढाच त्याचा नियम. आमच्याकडच्या कारखान्यांच्या वासाने माझी आई खिडक्या लावून बसते, हे मी सहज बोलले तर त्याचं गाणं झालं. ठाकुर्लीच्या फाटकात रिक्षा अडकून एक बाळंतीण कळा देत राहिली होती, तिचं झालं. हळदीत दोन गाण्यांच्या मध्ये आम्ही हळूच एखादं सोडायचो. म्हातारे कपाळाला आठ्या घालायचे, पण तरुण पोरं जेवण टाकून पुढे यायची.

त्यातलंच एक खाडीचं. ठाण्याच्या बाजूला तेव्हा जोरात भरणी चाललेली. काठावरची तिवराची झाडं तोडायची, डंपरने माती आणून टाकायची, की झाली जमीन. चिखलात उड्या मारणारी निवटी, जी पकडून कोळणी बाजारात बसायच्या, ती दिसेनाशी झाली. धडधड्याने लिहिलं:

तिवर तोडलं, निवटी गेली,
माती आनून खाडी भरली.
कोनी भरली?

इथे जागा. बेंजो थांबायचा आणि आम्ही सगळे खालच्या आवाजात म्हणायचो, “नाव नको, नाव नको, नाव घेशील तर घर जाईल.” भरणी करणारा शेठ कोण, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. त्याच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या एकाचं दुकान जळालं होतं आणि दुसरा गाव सोडून गेला होता. मीही त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची माणसं अजून आहेत आणि मला झोप लागते, ती लागू द्या.

तर एके दिवशी काकांनी एका हळदीची सुपारी घेतली. सुपारी घेतली की वाजवायचंच, मग काही होवो. कोणाच्या घरची, हे काकांनी विचारलं नाही, कारण निरोप नवऱ्यामुलाच्या मामाकडून आला होता. आम्ही दिवेलागणीला तिथे उतरलो आणि धडधड्या जागच्या जागी थिजला. मांडवाच्या मागे ओळीने डंपर उभे होते. लग्नघर म्हणून त्यांनाही तोरणं बांधली होती. “डोंबिवली,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “हितनं बाहेर जायचा रस्ता कंचा?” तो मलाही दिसत नव्हता.

ठरलं की नुसती लग्नाची गाणी वाजवायची, जेवायला न थांबता निघायचं. तासभर सगळं सुरळीत चाललं. यजमानशेठ पुढच्या खुर्चीवर बसून मान डोलवत होता. तेवढ्यात धवलारीण उठली. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात विधी लावते ती धवलारीण. ती गाणार तेव्हा हळद चढणार, भटजीसुद्धा तिच्या मागून. ही तर शेठचीच आत्या, नऊवारीतली, तोंडात एकही दात नसलेली म्हातारी. ती म्हणाली, “मना ती खाडीची बोली लाव.”

शेठ हसून म्हणाला, “आत्या, दुसरं काहीतरी सांग.”

“हलद माझ्या तोंडची हाय. मी सांगन ते वाजंल. नायतर उठतंय मी.”

धवलारीण मांडवातून उठून गेली तर हळद लागणार कशी? शेठने हाताने खूण केली, वाजवा. काशाने धडधड्याच्या छातीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. “एवढं जलद मना वाजवता येनार नाय रे,” तो पुटपुटला. पण वाजवलं त्याने. धडधड्या डोळे मिटून बोलत सुटला. तिवर गेलं, निवटी गेली, माती आली. “कोनी भरली?” बेंजो थांबला. आम्ही ‘नाव नको’साठी तोंड उघडलं. पण हळदीचा मांडव, समोर यजमान, नुसती ढोलकी चालू आणि मोकळी सुटलेली जागा. धडधड्याच्या जिभेने इतक्या वर्षांची चाकरी चोख केली. शेठचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पुढे ‘आपले मानाचे यजमान’, सगळं त्याने खणखणीत पुकारलं.

मांडवात कोणी हललं नाही. काशाचे हात बिचारे चालूच राहिले. धवलारणीने तोंडाला पदर लावला, हसत होती की काय देव जाणे. मग शेठ उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. त्याने वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मी कीबोर्डच्या स्टँडला धरून उभी होते. शेठने रीतीप्रमाणे धडधड्याच्या हातात नारळ दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आवाज चांगला आहे. जप.”

परत येताना टेम्पोत धडधड्याला दोनदा ओकारी झाली. आणि इकडे बातमी आमच्या आधी पोचली होती. शेठच्या मांडवात शेठचं नाव घेणारा पठ्ठ्या म्हणून लोक त्याला बघायला यायला लागले. तो ज्याला त्याला सांगायचा, “चुकून गेलं हो, आयशप्पत चुकून गेलं.” लोक म्हणायचे, “बघा, एवढं करून मोठेपणा नाही.” वर्तकनगरच्या गणपतीत बोलावणं आलं, मग कल्याणला, मग आमची कॅसेट निघाली. पोस्टरवर छापलं, ‘निडर रॅप बँड’. ते वाचून हा पठ्ठ्या आठवडाभर घराबाहेर पडला नाही.

नाव होत होतं आणि आम्ही भीतीने वाळत होतो. सरावाच्या जागेसमोर एक जीप येऊन उभी राहायची, त्यातून कोणी उतरायचं नाही. आमच्या घरी फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. आई फोनला हळदकुंकू वाहायची तेवढी बाकी होती. कार्यक्रमात ‘कोनी भरली?’ आलं की धडधड्या गयावया केल्यासारखा ‘नाव नको’ म्हणायचा आणि समोरचे हजार लोक ते नाव घ्यायचे. तो मान फिरवून दार शोधायचा.

एका सकाळी त्याच्या वडिलांची होडी चिखलात कलंडलेली सापडली. तळ फोडला होता. आत मधोमध एक नारळ ठेवलेला होता. म्हातारा काठावर बसून होता. मुलाला एवढंच म्हणाला, “होरी माझी व्हती. तोंड तुझं हाय. काय ते तू बघ.”

त्याच आठवड्यात डोंबिवलीला मैदानावर कार्यक्रम होता. आम्ही त्याला म्हटलं, नको जाऊ या. तो आला. काशाने छातीवर हात ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, “लागत नाय गं.” मी धडधड्याला विचारलं, “काय रे, भीती गेली का?”

“जातंय कुठं,” तो म्हणाला. “खाली बसलंय.”

काशाने अंदाजाने ठेका धरला, संथ. खाडीचं गाणं त्या दिवशी पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकू आलं. ‘कोनी भरली?’ झालं, बेंजो थांबला, लोक ओरडायला सज्ज झाले आणि धडधड्याने हात वर करून त्यांना थांबवलं. “आधी माझं,” तो म्हणाला. “जनार्दन हिराजी कोळी. राहनार खाडीकाठ. फुटलेल्या होरीचा. उद्या मना काय झालं तर कोनाला विचारायचं, ते ऐकून ठेवा.” आणि मग त्याने शेठचं नाव घेतलं, हळदीत घेतलं होतं तसंच पूर्ण, मानाने, यजमानासारखं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुकारणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

ढोलकी थांबली नाही. काशाने माईककडे तोंड करून आपलं नाव सांगितलं. मग जागा माझ्यासमोर आली. गर्दीच्या कडेला भेळेच्या गाडीशी बाबा उभे होते, मुलगी काय करते ते बघायला आलेले. मी माझं नाव घेतलं, मध्ये त्यांचं आलंच. बाबांनी मान खाली घातली नाही. मग खालून एका बाईचा आवाज आला, “लक्ष्मी दामोदर, रेतीबंदर.” मग एक शाळामास्तर, मग कोणी रिक्षावाला. माईक लोकांत फिरत राहिला आणि काशा ठेका धरून होता. कडेला उभ्या हवालदाराने टोपी सारखी केली, बाकी काही केलं नाही.

त्यानंतर फोन थांबले, जीपही दिसली नाही. एवढ्या लोकांनी नाव ऐकल्यावर हात लावणार कोण? खाडी मात्र भरलीच. आज तिथे टॉवर आहेत. बँड चार-पाच वर्षं चालला, मग मला बँकेत नोकरी लागली, जो तो पांगला. धडधड्या खडवलीला सासुरवाडीजवळ घर बांधून राहिला, काशाही शेजारी गेला. घराला त्याने मागचं दार मुद्दाम मोठं काढून घेतलं. मी गेले की तिथेच बसलेला असायचा. “कोन विचारत आलेलं का गं?” असं विचारायचा. मी नाही म्हणायचे. शेठ गेल्याचा बॅनर चौकात लागला तेव्हा मी मुद्दाम जाऊन सांगितलं. तर म्हणतो, “बॅनर खरा कशावरनं?” मला हसू आलं आणि रडूही आलं. ज्याची त्याने इतकी वर्षं वाट बघितली, तो त्याच्याकडे कधी फिरकला नाही.

गेल्या थंडीत काशाचा फोन आला. बराच वेळ बोललाच नाही, मला वाटलं पुन्हा ते जुने फोन सुरू झाले. मग म्हणाला, “चहा घेऊन गेलेलो सकाळी. मागच्या दाराशीच बसलेला. हात ठेवून बघितला मी. लागत नाय.”

मी म्हटलं, “नीट बघ रे काशा. खाली बसलं असेल.”