लकडगंजच्या टालीतली सावली

आज मी जो काही आहे, तो मधुभाऊंमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. खाप्याहून नागपूरला आलो तेव्हा कॉम्प्युटरला हात लावायचीही भीती वाटायची. भूतबित, चमत्कार यांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय...

ब्लूटूथ घरोघरी पोचायच्या आधीची गोष्ट. हिंगण्याच्या एका छोट्या कंपनीत आम्ही हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहायचो. गोदामात फिरत यंत्रात मालाची नोंद करायची आणि मग ते कॉम्प्युटरसमोर धरायचं. दोघांच्या काळ्या काचा समोरासमोर आल्या की आधी स्क्रीनवर त्या यंत्राचं नाव उमटायचं, मग इन्फ्रारेडने — म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाने — सगळी नोंद पलीकडे जायची. वायर नाही, काही नाही! हे काम मला तिथेच आधीपासून असलेल्या मधुभाऊंनी शिकवलं.

अडचण एकच... ऊन. नागपूरचं ऊन काचेवर पडलं की संपर्क तुटायचा. मग भाऊ गळ्यातला दुपट्टा काढून दोन्हींवर धरायचे. "लाजरे आहेत गा दोघंही. उन्हात बोलत नाहीत. सावली धर, मंग पाह्य कसे बोलतात!"

लकडगंजला एका लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत, आमचा डेमो ठरला. कंपनीच्या मालकांनी मला सरळ सांगितलं होतं — ही ऑर्डर गेली तर तुझी नोकरीही गेली. भाऊ सोबत येणार होते, पण त्याच सकाळी त्यांचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. स्ट्रेचरवरून म्हणाले, "तू कर. तुले येते सगळं."

मी आयुष्यात पहिल्यांदा टाय घातला होता. टायवर शोभत नाही म्हणून माझा दुपट्टा घरीच ठेवला...

टालीत टेबल नेमकं टिनाच्या शेडच्या कडेला, भर उन्हात. कॉम्प्युटरची वायर तेवढीच पुरत होती. सावलीसाठी हात धरला, फाइल धरली... नोंद अर्ध्यात पोचायची आणि तुटायची.

टालीचे शेठजी हसले. "अरे टायवाले साहेब, तुमचा डब्बा तर गुमसुम बसून राहिला! याच्यापेक्षा आमचा मुनीम बरा, हाक मारली तर बोलते तरी."

माझे कान तापले. पोरगा नागपूरला नोकरीला लागला, हे आईने गावभर सांगितलेलं डोळ्यांपुढे आलं.

तेवढ्यात टेबलावर सावली आली. मऊ, कापडाची असावी तशी... कडा किंचित हलत होत्या. मागे वळून पाहिलं — कोणीच नाही. आणि स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटली : 'मधु'.

ते भाऊंच्या यंत्राचं नाव होतं. माझ्या हातातल्याचं नव्हतं.

नोंद एका दमात शेवटपर्यंत गेली. "बोलला रे बोलला!" शेठजी ओरडले. मी मान वर केली, तर टेबलावर पुन्हा लखलखीत ऊन.

ऑफिसला आलो. भाऊंचं यंत्र त्यांच्या ड्रॉवरमध्ये होतं, सेल काढलेलं. तसाच दवाखान्यात गेलो. मी डेमो देत होतो तेव्हा भाऊ ऑपरेशन थिएटरमध्ये होते. वहिनी म्हणाल्या, "बाहेर आणल्यावर गुंगीत एकच बडबडून राहिले होते — त्याच्यापाशी दुपट्टा नाही वं, ऊन लागून राहिलं त्याले... काहून म्हणत असतील?"

प्रोग्राम मीच लिहिलेला. नंतर ओळ न् ओळ तपासली. यंत्र समोर असल्याशिवाय त्याचं नाव दिसूच शकत नाही. मग ते कसं दिसलं, हे मला आजही सांगता येत नाही.

भाऊ आता मुलीकडे पुण्याला असतात. मागच्या आठवड्यात त्यांना हे पत्र टाकलं :

"तीर्थस्वरूप मधुभाऊंना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की तुम्ही हसून टाळता, म्हणून लिहितो. त्या दिवशी नोकरी टिकली. तिच्यावर बहिणींची शिक्षणं झाली, आईला पक्कं घर मिळालं. आता माझ्या हाताखालीही खेड्यातून आलेली मुलं आहेत. त्यांचा डेमो असला की मी ऑफिसात नुसता बसलेला असतो, जीव सगळा तिकडे. परवा सावनेरची एक मुलगी पहिला डेमो करून आली आणि म्हणाली, 'सर, मधेच तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिला होता ना?'

मी खुर्चीवरून उठलोही नव्हतो, भाऊ. मीही हसून टाळलं.

तुमचा,
गजानन"