सिनेमा बघून आई रडली

मंडळी, आज फार थकायला झालंय. दुपारी आईला कॉलेज रोडला सिनेमाला नेलं होतं. बाबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. आज शेवटच्या प्रसंगाला मात्र माझा हात धरून हमसून हमसून रडली.

घरी आल्यावर मी रिव्ह्यू, दिग्दर्शकाच्या मुलाखती, शूटिंगचे व्हिडिओ बघत बसले. डोकं जड झालं.

आईने विचारलं, "काय म्हणतात गं लोक?"

"शेवट ओढूनताणून केलाय म्हणतात. उगाच रडवलंय," मी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं.

"म्हणजे मी उगाच रडले का गं?"

मी फोन ठेवला. "नाही गं आई," म्हणत मी तिच्याजवळ जाऊन बसले.

सिनेमा मनाला लागला, तरी तुम्हीही लगेच लोकांचं मत शोधायला जाता का?