वडगाव बु., अकरा वाजता

पुण्याहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग, कसं काय पुणं?" डेपोतले ड्रायव्हर विचारतात, पासवाले मास्तर विचारतात, शेजारचे गुरुजी तर दाढी करता करता कुंपणावरून विचारतात. एकेकाला किती वेळा सांगणार? तोंड दुखतं आणि जीवही दुखतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी आमच्या तालुक्याच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. गाड्यांच्या वेळा लावायच्या, फलक रंगवून घ्यायचे, माइकवरून ओरडायचं, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. माझी मुलगी प्रज्ञा बारावीला तालुक्यात पहिली आली आणि म्हणाली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करणार. तेव्हा सगळीकडे तेच वारं सुटलं होतं. ज्याच्या घरात पोरगं, त्याच्या तोंडी पुणं. सरकारी याद्यांमध्ये तिचा नंबर थोडक्यात हुकला, पण कॉलेजांत उरलेल्या जागा हजर असतील त्यांना गुणांप्रमाणे जागच्या जागी देतात असं कळलं. आमची सारी भिस्त त्यावर होती.

माझ्या बायकोचा भाचा संजू पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने शनिवारी गुरुजींच्या घरी फोन केला. मी ड्युटीवर होतो. बायकोने फोन घेतला, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून घेतलं आणि मी आल्यावर ते पान हातात दिलं. "संजूनं सांगितलं ते सगळं लिहिलंय. तो उद्याच कंपनीच्या कामानं बंगळुरूला चालला." पानावर होतं : मं. वडगाव बु. ११ वा. मूळ कागद घेऊन येणे. मी पान वहीत घातलं. काही विचारलं नाही. लिहिलेलं असलं की पुन्हा विचारायचं नाही, ही आमच्या डेपोची शिस्त.

ती वही म्हणजे माझा जीव की प्राण. नकाशा समोर घेऊन मी तीन कॉलेजांचा, तीन दिवसांचा मार्ग आखला होता. सोमवारी सोलापूर रस्त्यावरचं लोणी काळभोर, मंगळवारी सातारा रस्त्यावरचं कात्रज, आणि बुधवारी परतीच्या वाटेवर, नगर रस्त्यालगत नकाशात सापडलेलं वडगाव. मुक्काम मध्यभागी, सदाशिव पेठेत. एक किलोमीटर वाया जाणार नव्हता. मी स्वतःवरच खूश होतो.

रविवारी पहाटे निघालो. जीप बायकोच्या भावाची, वसंताची, आणि चालवणाराही तोच. बायकोला अंगणवाडीची सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे आम्ही तिघंच. मेहकरच्या पुढे झाडाखाली भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. तिथे प्रज्ञा पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, आधी वडगाव करू ना. तिथंच जागा जास्त आहेत असं संजूदादा म्हणत होता."

"मार्ग तुटतो बेटा," मी म्हणालो. "वडगावला प्रवेशाचं काम मंगळवार, बुधवार असे दोन दिवस चालणार आहे. शेवटी तिकडूनच घरी निघायचं."

"भाऊजी, तुम्ही म्हणसान तसं," वसंता म्हणाला. तो नेहमीच असं म्हणतो.

जालना, औरंगाबाद, नगर करत संध्याकाळी पुण्यात शिरलो. वाघोलीच्या पुढे उसाची शेतं संपून काचेच्या इमारती सुरू झाल्या, सगळ्यांवर कंपन्यांची नावं. प्रज्ञा मान बाहेर काढून वाचत होती. एका चौकात पाटी दिसली, वडगाव शेरी. "बघ," मी म्हणालो, "वडगाव रस्त्यावरच आहे. उगाच घाई करत होतीस."

सदाशिव पेठेत प्रज्ञाची सोय कॉट बेसिसवर केली होती (म्हणजे खोली नाही, खोलीतली एक खाट आपली). घरमालकीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आपण वडील ना? मग आपण खालीच थांबा." खोलीत अमरावतीच्या दोन मुली होत्या. प्रज्ञाला खिडकीजवळची खाट मिळाली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मला अजून तो आठवतो. "बाबा, खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. ॲडमिशन झाली की हीच खाट घ्यायची." बाईंनी मागून ऐकलं आणि म्हणाल्या, "ठेवते. पण बुधवारपर्यंत कळवायचं. खाट चिंचेसाठी अडवून ठेवत नाही मी."

वसंता आणि मी गल्लीतल्या लॉजवर उतरलो. खानावळीत आमटीत गूळ होता. वसंताने मिरची मागितली तर वाढप्याने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने मुकाट्याने भात कालवला.

सोमवारी लोणी काळभोर. गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कॉलेज विचारलं. "कालेज व्हय? त्ये काय, उसाच्या पल्याड हाय. रोज चार गाड्या इचारत्यात." कॉलेज चकाचक होतं, पण उरलेल्या जागा फक्त सिव्हिलच्या. प्रज्ञाने नको म्हटलं. मीही आग्रह केला नाही, वडगाव होतं ना!

मंगळवारी कात्रज. साडेनऊला पोचलो, दहाला बाहेर पडलो. जागा संपल्याची पाटी दारातच होती. फाटकावरचा पहारेकरी आमच्या बोलण्यावरून ओळखून पुढे आला. "कोन्या गावचे? मी आर्णीकडचा. जयभीम." आपलं माणूस भेटल्याचा केवढा आनंद झाला! त्याने चहा पाजला आणि विचारलं, "आता कुठं जाऊन राहिले?"

"आता काही नाही. वडगाव उद्या आहे."

"मंग सर्पोद्यान पाहून घ्या. पोरीला बरं वाटंन."

प्रज्ञा तेव्हा दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, आजच जाऊ ना वडगावला. दोन दिवस आहे म्हणता, तर पहिल्याच दिवशी गेलेलं बरं." मी वही उघडून दाखवली. आज वडगाव म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, आणि उद्या पुन्हा तोच रस्ता. हा काय मार्ग झाला? तिने वही मिटून मला परत दिली. ती फार हट्ट करणारी मुलगी नाही, आणि तेच आता मला खातं.

तर आम्ही साप बघितले. नाग, घोणस, मण्यार. अजगरापुढे वसंता बराच वेळ उभा राहिला. अजगर काही हलेना. सवयीप्रमाणे मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बरोबर अकरा वाजले होते.

दुपारी डेअरीजवळ मसाला दूध प्यालो, संध्याकाळी पेठेत प्रज्ञाने एक जाड वही आणि दोन पेनं घेतली. घरी फोन करावा असं मनात आलं, पण गुरुजींना किती त्रास द्यायचा म्हणून केला नाही.

बुधवारी सामान जीपमध्ये टाकून, लॉज सोडून, दहा वाजता वडगाव शेरीत हजर. नऊ-दहा जणांना विचारलं. इंजिनिअरिंग कॉलेज कुणालाच माहीत नाही. शेवटी इस्त्रीच्या दुकानातल्या गृहस्थांनी इस्त्री न थांबवता विचारलं, "कुठलं वडगाव हवंय आपल्याला?"

"वडगाव हो. पुण्यातलं."

"अहो, पुण्यात वडगावांना तोटा नाही. हे शेरी. सिंहगड रस्त्याकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द. मावळातलं आणखी वेगळं. मोठी कॉलेजं म्हणाल तर बुद्रुकला. घरून निघताना ठरवायचं असतं हे."

बुद्रुक. शब्द कानात शिरला. वही उघडली. कॅलेंडरचं पान काढलं. मं. वडगाव बु. ११ वा. समोरच फोनचा बूथ होता. गुरुजींकडे लावला. बायकोला बोलावून आणेपर्यंत मी काचेवर डोकं टेकून उभा होतो.

"काय झालं? मिळाली का जागा? कालपासून वाट पाहून राहिली मी."

"त्या चिठ्ठीत मं. म्हणजे काय?"

"मंगळवार. दुसरं काय असते?"

"आणि बु.?"

"बुद्रुक. वडगाव बुद्रुक. अहो, काऊन विचारता?"

मी फोन ठेवून दिला.

आता तुम्ही म्हणाल, बुद्रुक म्हणजे थोरलं गाव, हे पोरंसोरंही जाणतात. मला काय सांगता! आमच्याच तालुक्यात तीन बुद्रुक आहेत, तिन्ही फलकांवर 'बु.' मीच रंगवून घेतलंय. पण आठवड्याच्या बाजाराच्या ज्यादा गाड्यांपुढे 'मं. बु.', 'सो. शु.' हे वारही बावीस वर्षं मीच लिहितोय. त्या पानावर मं. दिसला, बु. दिसला, आणि माझ्या डोक्याने परस्पर दोन दिवसांची गाडी सोडली. वर परतीच्या वाटेवर एक वडगाव आयतंच सापडलं. माझ्याच धंद्याने माझा घात केला.

प्रज्ञा जीपशेजारी उभी होती. मी जवळ गेलो आणि सरळ सांगितलं, "बेटा, ते काल होतं. कात्रजच्या बाजूला होतं." तिने पान हातात घेतलं, वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाली, "तरी जाऊन तर पाहू."

वसंताने जीप अशी हाणली की सिग्नलवरच्या दोघांनी त्याचा उद्धार केला. येरवडा, स्टेशन, स्वारगेट. प्रत्येक चौकात गर्दी. वडगाव बुद्रुकला पोचायला एक वाजला. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल मंगळवार होता, आज बुधवार आहे. तुमच्याकडेही कॅलेंडर हेच असेल ना?"

मी पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यांचा आवाज उतरला. "चिठ्ठीत अगदी बरोबर लिहिलंय हो." मग त्यांनी प्रज्ञाची गुणपत्रिका मागितली. बराच वेळ ती पाहत राहिले. "काल हिला सहज मिळाली असती. आता माझ्या हातात काही नाही, यादी वर गेली. माफ करा."

बाहेर फलकावर यादी लावली होती. प्रज्ञा बोट फिरवत खालपर्यंत गेली. कॉम्प्युटरच्या शेवटच्या मुलाला तिच्यापेक्षा नऊ गुण कमी होते. तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला एक शब्द बोलायला हवा होता. ओरडायला हवं होतं, वही फेकून द्यायला हवी होती. ती म्हणाली, "बाबा, पाणी प्या. चेहरा कसा झालाय तुमचा."

वसंता आडोशाला जाऊन रडून आला. त्याचे डोळे लाल होते. परत जीपमध्ये बसताना त्याने विचारलं, "भाऊजी, कात्रज इथून किती लांब?" पानवाल्याने आमच्या आधीच उत्तर दिलं, "कात्रज? हे काय, बायपासने पंधरा मिनिटं." वसंताने जीप सुरू केली.

निघताना प्रज्ञाने पेठेत थांबायला लावलं. घरमालकीणबाईंना कळवायचं कबूल केलं होतं ना. मी खालीच थांबलो. वरून बाईंचा आवाज आला, "मग? खिडकीजवळची ठेवू ना?" प्रज्ञाचं उत्तर मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बाई स्वतः जिना उतरून आल्या आणि तिच्या हातात लाडवांचा डबा दिला. "लांब जायचंय तुम्हाला," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "आपणही खा."

परतीचा रस्ता मी काही लिहीत नाही. तोच रस्ता, तीच झाडं. वडगाव शेरीच्या पाटीजवळून गेलो तेव्हा तिघंही दुसरीकडे बघत होतो. वही मी मेहकरच्या पुढे, जाताना भाकरी खाल्ली त्याच झाडाखाली काढली आणि फाडायला लागलो. प्रज्ञाने ती हातातून घेतली. "राहू द्या. कोरी पानं आहेत मागे."

त्याच कोऱ्या पानांत ती आता बी.एस्सी.चं गणित सोडवते. जिल्ह्याच्या कॉलेजात रोज जाऊन येऊन करते. गेल्या आठवड्यात मी पेंटर बोलावला आणि डेपोतल्या सगळ्या फलकांवरचे 'बु.' खोडायला लावले. तो म्हणाला, "साहेब, 'पिंपळगाव बुद्रुक' एका ओळीत मावत नाही." म्हटलं, अक्षरं बारीक काढ, दोन ओळी कर, फलक नवा घे, पण पूर्ण लिही. रंग ओला असतानाच सकाळची गाडी फलाटाला लागली. हीच गाडी जिल्ह्यावरून पुढे पिंपळगावला जाते, प्रज्ञाची हीच गाडी. ती दप्तर सावरत माझ्या केबिनच्या खिडकीशी आली. नवी अक्षरं वाचून थबकली, आणि परत आल्यापासून पहिल्यांदाच थट्टेने हसली.

"बाबा, ही गाडी बुधवारचीच का?"

मला हसायचं होतं. जमलं नाही.

"नाही बेटा," मी म्हणालो. "रोजची आहे."