पाडलं त्यानंच उचलायचं

आर्णीत एक म्हातारी राहते, ती मी. तिचे दोन लेक, थोरला सुखदेव अन् धाकटा मिलिंद. घर एक, पण मधात भिंत. वाटणीच्या भांडणात मिलिंदनं थोरल्याला अंगणात ढकलून पाडलं, मागं न पाहता आत गेला अन् पुढच्या आठवड्यात भिंत घातली. नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत. त्यांना एकमेकांशी बोलताना ऐकावं, एवढंच माझं राहिलं होतं.

अन् एक रफीक मिस्त्री. गाड्या दुरुस्त करतो, रग्बीचा क्लब चालवतो. त्या क्लबचे किस्से कापसासारखे. आज वेचून घरी यावं, तर उद्या बोंडं पुन्हा फुटलेली.

*

रफीक पुण्याच्या गॅरेजात होता, तिथं हा खेळ शिकला. पहिला चेंडू घेऊन आला तेव्हा मी म्हटलं, "बापू, हा तर चेपला."

"असाच असते मावशी. कुठं उसळंल, त्याचं त्यालेही ठाऊक नसते."

"मंग माह्या मिलिंदसारखाच."

*

क्लबात एक नियम कडक. शिटी झाली की ज्यानं पाडलं, त्यानंच हात देऊन उचलायचं.

सुखदेवची पोरगी प्रज्ञा, क्लबातली पहिली मुलगी. तिनं एका धिप्पाड पोराला आडवं केलं अन् हात पुढं केला. तो म्हणे, "पोरीचा हात धरून उठू काय?"

रफीक म्हणाला, "नको उठू. झोप."

सगळे तसेच उभे. ऊन चढलं, मुंग्या निघाल्या. शेवटी खालून आवाज आला, "प्रज्ञाताई, दे ना हात."

*

पावसाळ्यात नेरची बस चिखलात रुतली. क्लबच्या पोरापोरींनी खांद्याला खांदा लावून रेटली. कंडक्टरनं विचारलं, "तुम्ही कोण बाप्पा?"

प्रज्ञा म्हणाली, "आम्ही रोज एकमेकाईले रेटतो. आज बस भेटली."

*

आठवडी बाजारात एकानं फटफटीनं टमाट्यांची टोपली उडवली अन् निघाला. क्लबच्या पोरांनी त्याला परत आणलं. मारलं नाही. नुसतं म्हटलं, "उचल."

त्यानं एकेक टमाटा पुसून टोपलीत ठेवला. तेव्हापासून बाजारात भांडण झालं की कोणीतरी म्हणतंच, "उचल बापा."

*

हे ऐकलं तेव्हा मी प्रज्ञाला विचारलं, "तुह्या बापाले अन् काकाले हा नियम नाही काय?"

"आजी, ते कुठं क्लबात आहेत?"

मी रफीकच्या दुकानात गेले. "पोरांच्या बाप-काकांचा सामना ठेव."

"मावशी, हाडं मोडतील."

"मोडू दे. हाडं जुळतात."

*

सामना झाला. रफीकनं सुखदेवला एकीकडे घेतलं, मिलिंदला दुसरीकडे. सुखदेव चेंडू पोटाशी धरून पळत सुटला, मिलिंदनं मागून कंबर धरली अन् दोघंही धाडकन खाली. शिटी झाली.

मिलिंद उठला. पाठ फिरवून चालू लागला, त्या दिवशीसारखाच.

सुखदेवला उठता आलं असतं. तो उठला नाही. आभाळाकडे पाहत पडून राहिला. प्रज्ञा चेंडू छातीशी धरून उभी. सगळं मैदान जागच्या जागी.

मिलिंद चुन्याच्या रेघेपर्यंत गेला, थांबला. मग परत आला.

"उठ, दादा."

सुखदेवनं हात धरला. "लई वेळ लावलास बे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद सब्बल घेऊन आला अन् भिंत फोडायला लागला. दुपारी भिंतीतून निघालेल्या विटांवर बसून दोघं चहा प्यायले. चहा मी दोघांचा एकाच गंजात उकळला होता.