हुमणीचा काळ आणि माहेरची माती

कोडोलीतल्या एका उसाच्या रानात मला हुमणीची मेलेली अळी सापडली. विटेसारखी लाल. हुमणी उसाची मुळं खाते, त्यामुळं रानाच्या मालकाला, म्हणजे सगळं गाव ज्यांना मामा म्हणतं त्यांना, तिच्या मरणाचं काडीचं दुःख नव्हतं. मला मात्र मारेकरी हवा होता. मी कोल्हापुरात प्राणिशास्त्र शिकवते. असली सुतकं मलाच लागतात.

मारेकरी निघाला सूत्रकृमी. डोळ्याला न दिसणारा, दोऱ्यासारखा जंत. अळीत शिरतो आणि आतच संसार थाटतो. माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी तो जुळेना. आनंदाच्या भरात मी मामांना सांगून आले, ‘तुमच्या मातीत हुमणीचा काळ आहे!’ इथंच शेण खाल्लं.

जात नवी ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली नरांची मापं घ्यायची राहिली होती. म्हटलं, दिवाळीनंतर घेऊ. सुट्टीआधी शिपाईकाकांनी दरवर्षीच्या इमानानं प्रत्येक खोलीचा प्रत्येक स्विच बंद केला. जंतांच्या फ्रिजचाही. परत आले तर बाटलीतले सगळे काडीसारखे ताठ. मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातली हजेरी थांबली. काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, जंत मेले तर लोक पेढं वाटत्यात.”

तडक कोडोली गाठली. त्या जागी गुडघाभर खड्डा.

“मामा, माती कुठाय?”

“वाटली की सगळ्या पावण्यांस्नी! हुमणी काय माझ्याच रानात हाय व्हय?”

उरलेल्या रानात काही मिळालं नाही. पावण्यांनी माती पसरून, खात्रीला वरून औषधही मारलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

शेवटी राहिल्या मामांच्या बहीण, आक्का, जयसिंगपूरजवळ दिलेल्या. आक्कांनी माती रानात टाकलीच नव्हती. रंगाच्या डब्यात भरून तिच्यात अबोली लावली होती.

मी हात जोडून सगळं सांगितलं. आक्कांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अबोली अलगद उपटली.

“न्या. पर परत आणून द्या. लगीन झाल्यापासनं भावानं आपणहून पयल्यांदाच कायतरी धाडलंय.”

त्या मातीत जंत निघाले. नरांची मापं घेतली. जात नवीच ठरली. शोधनिबंधात मूळ ठिकाण म्हणून मी कोडोली लिहिलं आणि माती पिशवीत भरून एसटीनं परत नेली.

आक्कांनी पिशवी हातात तोलली. “कमी हाय की.”

होतीच. मूठभर मी नमुना म्हणून कॉलेजात ठेवून घेतली होती. पुढच्या रविवारी तीही नेऊन दिली.